ड्रायव्हर भिवा सकपाळ

सकपाळांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नसे. माझ्या टायपिंगच्या क्लासमध्ये बसायला एकच बाक होता, तोही दाराशी. सकपाळ त्यावर बसले की त्यांचा पाय सरळ पुढे, थेट वाटेत यायचा. क्लासच्या मुली आत येता-जाता तो ओलांडायच्या. दर वेळी ते "सॉरी हां बाई" म्हणायचे आणि पाय आत घ्यायचा प्रयत्न करायचे. तो येत नसे. मग दोन्ही हातांनी मांडीखाली धरून तो उचलायचे आणि थोडा बाजूला ठेवायचे, जड पिशवी सरकवावी तसा.

ही एकोणीसशे ऐंशीनंतरची सहा-सात वर्षं. अंधेरी पूर्वेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर एका चाळीच्या तळमजल्यावर माझा क्लास होता. सहा मशिनं, त्यातली चार चालू. सकाळ-संध्याकाळ मुली शिकायला यायच्या आणि मधल्या वेळात मी लोकांचे अर्ज, करारनामे, नोकरीची पत्रं टाइप करून द्यायची. सकपाळ साकीनाक्याहून यायचे, चालत. तिथे कारखान्यांच्या गाळ्यांमागे पत्र्याच्या एका खोलीत ते आणि त्यांची बायको राहायचे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गाळ्यावर ते वॉचमन होते. पाय आणखी बिघडला तशी ती नोकरी गेली. मुलगा नव्हता. मुलगी चिपळूणकडे दिलेली होती.

पहिल्या दिवशी त्यांनी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "पेन्शनचा अर्ज करायचाय. इंग्लिशमधी. मी लढाईत होतो. बर्मात."

"हुद्दा काय होता?"

"ड्रायव्हर."

मी टाइप करायला घेतलं आणि सहज विचारलं, "ट्रक चालवायचात का?"

"नाही बाई. खेचर. पलटणीत खेचरवाल्याला पण ड्रायव्हरच म्हणतात. ट्रक जिथं संपतो ना, तिथून पुढं आमी."

साकीनाक्याच्या वस्तीत त्यांना सगळे मेजर म्हणत. कौतुकानं म्हणत, थट्टेनंही म्हणत. सकपाळ प्रत्येक वेळी प्रत्येकाला दुरुस्त करत. "मेजर नाय रे. ड्रायव्हर." समोरचा हसून पुढे गेलेला असे, तरी यांचं वाक्य पूर्ण व्हायचं. एकदा मी त्यांना म्हटलं, "म्हणू दे की. तुमचं काय जातं?" तर म्हणाले, "आमचे मेजरसाहेब येगळे होते ना. त्यांचं नाव मी कशाला घेऊ?"

त्यांचं प्रकरण थोडक्यात असं होतं. लढाई संपल्यावर पलटण मोडली तेव्हा त्यांची नोकरी पाच वर्षांची झाली होती, आणि तेवढ्यावर पेन्शन बसत नव्हती. पण नोकरीत असताना जखम होऊन माणूस कायमचा अधू झाला असेल, तर त्याला वेगळी पेन्शन मागता येते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांच्याकडे फौजेतून सुटताना मिळालेलं पुस्तक होतं. त्यात जखमेची नोंदही होती. पण गावच्या घरात ओल लागून त्या पानाचा मधला भाग गेला होता. डाव्या गुडघ्याला इजा, एवढं वाचता यायचं. इजा कशानं, त्या जागी रुपयाएवढं भोक होतं.

माजी सैनिकांच्या कामाचं सरकारी ऑफिस शहरात होतं. तिथे त्यांचा अर्ज बघणारे कारकून देसाई म्हणून होते. मी त्यांना एकदाच भेटले, सकपाळांबरोबर गेले होते तेव्हा. भला माणूस वाटला. त्यांनी ते पान उजेडाकडे धरलं, भोकातून सकपाळांकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "काका, अहो हे भोक म्हणजे तुमचं नशीब आहे. गोळी लिहा. लढाईत गोळी लागली. अर्ज सरळ वर जाईल."

"गोळी नाही लागली साहेब. खेचरानं लाथ मारली."

"ते मला कळलं हो. पण तुम्ही लाथ लिहिलीत की वरचा साहेब विचारणार, ती ड्यूटीवर मारली का, तुमच्या चुकीनं मारली का, साक्षीदार कोण."

"चूक माझीच होती," सकपाळ म्हणाले. "खोगिराचा पट्टा मी उलटा आवळला. अंधारात कळलं नाही. खेचर मादी होती, तिच्या पोटाला जखम होती, तिथं बसला तो. तिची काय चूक नाही."

देसाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, निदान हे तरी लिहू नका."

त्यावर सकपाळांनी बराच विचार केला. शेवटी म्हणाले, "बरं. लिहू नका. पण विचारलं तर सांगीन."

अशी चार वर्षं गेली. दर दोन-तीन महिन्यांनी एक अर्ज, एक स्मरणपत्र. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण खेचराला इंग्रजीत काय म्हणतात ते आणि त्याची चार अक्षरं ते लढाईतच ओळखायला शिकले होते, कारण ती प्रत्येक पेटीवर असायची. मी कागद मशिनीतून काढला की ते त्यावर बोट फिरवत फिरवत तो शब्द शोधायचे. सापडला की मान हलवायचे. मग मी सगळा मजकूर मराठीत सांगायची, ते डोळे मिटून ऐकायचे, आणि सही करायचे. सहीला त्यांना फार वेळ लागे. नंतर पेनाचं टोपण लावून ते पेन मला परत देताना दोन्ही हातांनी देत.

एवढ्या वर्षांत ते चिडलेले मी पाहिले नाहीत. दमलेले मात्र पाहिले. उन्हाळ्यात साकीनाक्याहून चालत आले की पहिली दहा मिनिटं बोलत नसत. क्लासच्या मुली आपणहून पाणी आणून द्यायच्या. एकदा तर ते बाकावरच झोपले. एक मुलगी मला विचारायला आली, "बाई, त्या आजोबांना उठवू का? माझी बस जाईल, मला पाय ओलांडायला भीती वाटते." मी जाऊन उठवलं, तर झोपेतच म्हणाले, "लोड उतरवला का?"

त्यांना मी एकदाच खरोखर कामात पाहिलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रॉकेलच्या टाकीच्या गाडीचा बैल भर रस्त्यात बसला होता. मागे बस, रिक्षा, टेम्पो, सगळे हॉर्न वाजवत होते. गाडीवाला बैलाला मारत होता, शेपटी पिरगाळत होता. सकपाळ माझ्या दारात होते. ते तसेच पाय ओढत गेले आणि गाडीवाल्याच्या हातातली काठी त्यांनी काढून घेतली. ओढून नाही, मागितली आणि त्यानं दिली.

"जू काढ आधी," ते म्हणाले.

"अरे चाचा, पीछे देखो ना, ट्रॅफिक..."

"असू दे. तुला घाई हाय, त्याला नाय. जू काढ."

जू काढलं. सकपाळ बैलाच्या मानेशी टेकून उभे राहिले आणि त्याच्या खुरांतून काहीतरी शोधू लागले. खडा निघाला, खुराच्या फटीत रुतलेला. तो त्यांनी गाडीवाल्याच्या हातावर ठेवला. मग नुसतेच उभे राहिले. पाच मिनिटांनी बैल आपला आपण उठला. परत येऊन ते बाकावर बसले आणि म्हणाले, "हां, तर दुसरा परिच्छेद वाचा बाई."

चौथ्या वर्षी देसाईंनी सांगितलं की आता एकच मार्ग उरलाय. त्यावेळी तिथे हजर असलेल्या एखाद्या माणसाचं लेखी निवेदन आणा, म्हणजे मी पुन्हा वर पाठवतो. सकपाळ म्हणाले, "एक हाय. असला तर. डॉमनिक. मनोरीचा." डॉमनिक त्यांच्या तुकडीचा कुक होता. लढाईनंतर दोघांची एकदाही गाठ पडली नव्हती. चाळीस वर्षं दोघे एकाच मुंबईत, एकानं साकीनाक्याला आणि दुसऱ्यानं खाडीपलीकडे काढली होती.

"मग कधी भेटला का नाहीत?" मी विचारलं.

"काय काम निघालं नाही."

त्यांनी मला बरोबर चला म्हणून विनवलं. निवेदन इंग्रजीत हवं होतं आणि डॉमनिकची सही समोर घ्यायची होती. एका रविवारी आम्ही मालाडहून बसनं मार्व्याला गेलो आणि तरीनं, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीनं, पलीकडे. निवेदनाचा कच्चा मसुदा मी लिहून घेतला होता. सकपाळांनी धुतलेला सदरा घातला होता. बायकोनं डॉमनिकच्या घरच्यांसाठी म्हणून नाचणीचे लाडू दिले होते.

घर शोधायला वेळ लागला नाही. चर्चच्या मागे, नारळाच्या झाडांत, पुढे ओटा असलेलं कौलारू घर. ओट्यावर डॉमनिक बसले होते, किरकोळ, टकलू, चष्मा लावलेले. सकपाळ फाटकातून आत शिरले तसे ते उभे राहिले. त्यांनी चेहरा पाहिला नाही, चाल पाहिली.

"भिवा," ते म्हणाले. "आयलास रे शेवटी."

दोघांनी एकमेकांचे दंड धरले आणि तसेच थांबले. तेवढ्यात आतून डॉमनिकची मुलगी फिलोमिना आली. चाळिशीची, हसऱ्या चेहऱ्याची. वडिलांनी नाव सांगताच तिचे डोळे मोठे झाले. ती आत धावली आणि घरातल्यांना, शेजारच्यांना हाका मारू लागली. बघता बघता ओटा भरला. आणि मग ती सगळ्यांना सांगू लागली, "हेच ते. भिवाकाका. ज्यांनी पप्पांना वाचवलं."

मी सकपाळांकडे पाहिलं. ते डॉमनिककडे पाहत होते. डॉमनिक ओट्याच्या कडेला पाहत होते.

फिलोमिनानं सगळी गोष्ट सांगितली. त्या घरात ती अनेकदा सांगून झालेली असावी, कारण मुलं मधूनच पुढची वाक्यं म्हणत होती. शत्रूनं डोंगरावर त्यांना गाठलं. पप्पांच्या हातात बंदूक होती. पप्पा पडले. तेव्हा भिवाकाका गोळीबारातून आले, त्यांनी पप्पांना ओढून बाजूला घेतलं आणि त्याच वेळी त्यांच्या गुडघ्यात गोळी घुसली. सगळे सकपाळांच्या पायाकडे पाहू लागले. एका म्हाताऱ्या बाईंनी पुढे होऊन त्या पायाला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

मसुदा माझ्या पर्समध्ये होता. त्यात खेचर होतं, खोगीर होतं, आणि डॉमनिक हे तुकडीचे कुक होते हे पहिल्याच ओळीत होतं.

डॉमनिक अचानक म्हणाले, "पेन्शनचा पेपर आणलास ना? दे. मी लिहून देतो. गोळी लागली, मी बघितली. कुठं सही करू?"

सकपाळ म्हणाले, "पेपर घरी राहिला."

आम्हाला तिथं जेवायला ठेवून घेतलं. मासळी, भात, उकड्या तांदळाची भाकरी. सकपाळ पोटभर जेवले. मुलांनी बंदुकीचं विचारलं तर म्हणाले, "तुमच्या आजोबाच्या हातचा भात खाऊन आमी जिवंत राहिलो." मुलांना हे उत्तर पटलं नाही. निघताना डॉमनिक फाटकापर्यंत आले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण फिलोमिना सोबत होती.

परतीच्या तरीत मी न राहवून म्हटलं, "सकपाळ, एवढ्या लांब आलो. त्यांना बाजूला घेऊन खरं लिहून घ्यायचं होतं, नाहीतर त्यांनी म्हटलं तशी सही तरी."

ते पाण्याकडे पाहत होते. "त्याच्या पोरांसमोर त्याला खोटा पाडू काय? बाजूला घेतला असता तरी त्याला कळलंच असतं ना, मी त्याला खोटा म्हणतोय." मग म्हणाले, "आणि माझ्या कागदावर मला खोटं नको. मग ऱ्हायलं काय? राहू दे."

त्यानंतर ते तीन महिने आले नाहीत. ते आता येणार नाहीत असं मी धरून चालले होते.

एका दुपारी क्लासच्या दारात डॉमनिक उभे होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. घरी त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो म्हणून सांगितलं होतं. लाडूंचा डबा देताना मी माझ्या क्लासचं कार्ड फिलोमिनाला दिलं होतं, त्यावरून शोधत आले होते. बाकावर बसून ते म्हणाले, "टाइप करा. मी, डॉमनिक, तुकडीचा कुक. बंदूक माझ्या हातात कधी आली नाय. ते पण लिहा."

मी टाइप करत गेले. खेचराचं नाव राणी. उतारावर पहाटे लोड बांधताना तिनं लाथ मारली. गुडघ्याची वाटी फुटली. पुढे जायची ऑर्डर होती, सगळ्या खेचरांवर माल होता, माल टाकायची परवानगी नव्हती. मागे राहिलेला माणूस सापडेल याची खात्री नव्हती. म्हणून डॉमनिकनं भांडी दुसऱ्याकडे दिली आणि सकपाळांना पाठीवर घेतलं. दोन दिवस.

माझे हात थांबले. "म्हणजे तुम्ही त्यांना वाचवलंत."

"उचलला फक्त."

"मग घरी उलटं का सांगता?"

ते टोपी फिरवत बसले. "लढाईवरून आलो तेव्हा लोक विचारायचे, काय केलंस. सांगितलं, भात शिजवला. हसले. सांगितलं, भिवाला उचलला. विचारतात, त्याला काय झालेलं? लाथ बसली खेचराची. परत हसले. मग एक दिवस गोष्टीत गोळी आली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गोळी आली तर कुणीतरी हिरो पाहिजे. मी स्वतःला कसा करणार? लाज वाटली. म्हणून भिवाला केला."

सही करून ते म्हणाले, "हा पेपर मनोरीला नाय जाणार ना?" मी नाही म्हटलं.

सकपाळांना मी निरोप धाडला. ते आले, त्यांनी नेहमीप्रमाणे आपला शब्द शोधला, मग मी वाचलेलं डोळे मिटून ऐकलं. पूर्ण झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "दोन दिवस नाही. तीन. तिसऱ्या दिवशी मला ताप होता, त्याला वाटतं मला आठवत नाही." आणि मग, "असू दे. सही झालीय."

देसाईंनी शब्द पाळला, अर्ज वर गेला. दीड वर्षानं उत्तर आलं. मूळ नोंदी मिळत नसल्यामुळे इजेबद्दलची पेन्शन देता येत नाही. मात्र अर्जदाराची हलाखीची स्थिती लक्षात घेऊन त्यांना दरमहा मदत मंजूर करण्यात येत आहे.

मी ते आनंदानं वाचून दाखवलं.

"मदत," ते म्हणाले. "पेन्शन नाही."

"पैसे येणार ना पण दर महिन्याला?"

"येतील. पण बाई, पेन्शन कमावलेली असती. मदत गरिबाला देतात. मी गरीब हाय हे सांगायला मी पाच-सहा वर्षं फिरत नव्हतो. ते तर बघून पण कळतं." त्यांनी कागद घडी करून पिशवीत घातला. "लाथ त्यांनी मोजलीच नाय."

महिनाभर त्यांनी मंजुरीच्या कागदावर सही केली नाही. मग त्यांच्या बायकोचा दमा वाढला, तिला इंजेक्शनं सुरू झाली. एका सकाळी ते आले, काही न बोलता पेन मागितलं आणि सही केली. माझी फी द्यायला गेले, मी घेतली नाही. तर म्हणाले, "घ्या. मदत नको." मग मी घेतली.

पुढच्या वर्षी क्लासच्या फोनवर फिलोमिनाचा फोन आला. डॉमनिक गेले होते. मी एका मुलीला साकीनाक्याला पिटाळलं आणि दुपारी सकपाळ आणि मी पुन्हा त्या तरीत बसलो. आम्ही पोचलो तेव्हा माती देऊन लोक घरी परतत होते. ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. फिलोमिनानं सकपाळांना हाताला धरून मधल्या खुर्चीत बसवलं. डोळे रडून सुजलेले. ती म्हणाली, "काका, तुम्ही सांगा ना. पप्पा सांगायचे ते. तुम्ही कसं त्यांना वाचवलं."

ओट्यावरचे सगळे त्यांच्याकडे वळले. मला धास्ती वाटली, कारण मला सकपाळ माहीत होते.

"उलटं हाय," सकपाळ म्हणाले. "मी नाही. त्यानं मला उचलला. पाठीवर. तीन दिवस, डोंगर उतरून. पावसात. माझं वजन तवा त्याच्यापेक्षा जास्ती होतं."

"पण पप्पा तर..."

"तो स्वतःचं सांगायचा नाही. लाजायचा."

फिलोमिना तोंडाला पदर लावून रडू लागली. मागून एक दाढीवाला शेजारी म्हणाला, "आणि गोळी? ती तर तुम्हाला लागलीच ना?"

सकपाळांनी त्या माणसाकडे नीट पाहिलं.

"डॉमनिकनं तुमाला काय सांगितलंय?" त्यांनी विचारलं.

"गोळी लागली म्हणून."

"मग आज त्याच्या घरात मी काय नवीन सांगू?" ते म्हणाले, आणि फिलोमिनाकडे वळले. "ऐक. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यानं मला एका झाडाखाली ठेवला. सगळी लाकडं भिजलेली. तुझ्या बापानं काय केलं माहितीय? स्वतःच्या टोपीचं अस्तर फाडलं आणि पेटवलं..."

शेवटच्या तरीची वेळ झाली होती. मला सकाळी क्लास उघडायचा होता. सकपाळांना फिलोमिनानं रात्रीपुरतं ठेवून घेतलं. त्यानंतर ते अंधेरीला आले नाहीत. पावसाळ्याआधी बायकोला घेऊन मुलीकडे चिपळूणला गेले असं साकीनाक्याच्या एका वर्कशॉपवाल्यानं मला सांगितलं, पत्ता त्याच्याकडेही नव्हता.

त्या संध्याकाळी निघताना मी फाटकाशी वळून पाहिलं होतं. लोकांनी खुर्च्या पुढे ओढल्या होत्या. मधोमध सकपाळ, दोन्ही हात हवेत धरून, अंगावरच्या पावसापासून एक लहानशी ज्योत कशी झाकायची ते त्या लोकांना दाखवत होते.